विरोधकांची बेरीज आणि तिची मर्यादा : कसबा पेठेचा दाखला

लोकशाहीत सत्ताधारी पक्षाचे काम नजरेत भरते, कारण त्याच्या हाती निर्णय, निधी आणि प्रशासन असते. विरोधी पक्षाचे काम मात्र बरेचसे निवडणुकीच्या निकालावरूनच जोखले जाते आणि त्यामुळे त्याच्या यशापयशाची कारणे नेत्यांच्या स्वभावात किंवा एखाद्या लाटेत शोधण्याची सवय जडते. या सवयीला छेद देऊन पाहायचे, तर एखादा लहान मतदारसंघ निवडून त्याचे आकडे वर्षानुवर्षे तपासणे अधिक उपयोगी ठरते. पुण्यातील कसबा पेठ विधानसभा मतदारसंघ या दृष्टीने विशेष बोलका आहे. जवळपास तीन दशके एकाच पक्षाकडे असलेली ही जागा २०२३ मध्ये विरोधकांनी एकत्र येऊन जिंकली आणि अवघ्या पावणेदोन वर्षांत गमावली. विरोधकांची एकजूट किती करू शकते आणि कोठे थांबते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या एकाच जागेच्या इतिहासात सापडतात.

पेठ आणि मतदारसंघ

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती मानली जाते. ग्रामदैवत कसबा गणपती, तांबट आळी, कुंभारवाडा, फडके हौद आणि थोरला व धाकटा शेख सल्ला हे दोन दर्गे एवढी नावे उच्चारली, तरी या पेठेतील व्यवसायांची आणि समाजांची वीण लक्षात येते. विधानसभेचा मतदारसंघ मात्र या एका पेठेपुरता नाही. पश्चिमेकडील सदाशिव, नारायण, शनिवार या पांढरपेशा वस्तीच्या पेठांपासून पूर्वेकडील व्यापारी, कारागीर, दलित आणि मुस्लिम वस्त्यांपर्यंत जुन्या शहराचा मोठा भाग त्यात येतो. स्थानिक राजकारणात या दोन बाजूंना ढोबळपणे ‘पश्चिमेकडच्या पेठा’ आणि ‘पूर्वेकडच्या पेठा’ असे म्हटले जाते. भाजपची मुख्य ताकद पहिल्या भागात आणि काँग्रेसची दुसऱ्या भागात, असे समीकरण दीर्घकाळ गृहीत धरले गेले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘विरोधी पक्ष’ ही संज्ञा सामान्यतः राज्याच्या किंवा देशाच्या सरकारच्या संदर्भात वापरली जाते, परंतु भारतासारख्या संघराज्यात एकच पक्ष एका पातळीवर सत्ताधारी आणि दुसऱ्या पातळीवर विरोधी असू शकतो. गिरीश बापट १९९५ ते २०१४ अशा सलग पाच निवडणुकांत कसब्यातून आमदार झाले. त्यांपैकी १९९९ ते २०१४ या पंधरा वर्षांत मुंबईत काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेसचे सरकार होते. म्हणजे विधानसभेत विरोधी बाकांवर बसणारा भाजप कसब्यात प्रस्थापित होता आणि राज्यात सत्तेवर असलेली काँग्रेस कसब्यात आव्हानवीर होती. जून २०२२ मध्ये शिवसेना, राष्ट्रवादी काँग्रेस आणि काँग्रेस यांच्या महाविकास आघाडीचे सरकार पडल्यानंतर काँग्रेस दोन्ही पातळ्यांवर विरोधी पक्ष झाली, आणि पुढील वर्षी झालेली पोटनिवडणूक याच नव्या परिस्थितीत लढली गेली.

फुटलेल्या मतांचा हिशेब

भारतातील विधानसभेची निवडणूक सर्वाधिक मतांच्या पद्धतीने होते; निम्म्याहून अधिक मते मिळण्याची अट त्यात नाही आणि इतर सर्वांपेक्षा एक मत जास्त मिळाले तरी उमेदवार विजयी होतो. या पद्धतीत प्रस्थापिताविरुद्धची मते दोन-तीन ठिकाणी विखुरली, की त्याचे काम आपोआप सोपे होते. कसब्यात २००९ मध्ये नेमके हेच झाले. बापट यांना सुमारे ५५ हजार मते मिळाली, तर महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे रवींद्र धंगेकर आणि काँग्रेसचे रोहित टिळक या दोघांनीही प्रत्येकी ४६ हजारांचा टप्पा ओलांडला. बापट यांच्याविरुद्ध पडलेली मते त्यांना मिळालेल्या मतांपेक्षा कितीतरी अधिक होती, तरीही ते सुमारे आठ हजार मतांनी निवडून आले. अर्थात मनसे आणि काँग्रेस हे त्या वेळी मित्रपक्ष नव्हते आणि त्यांचे मतदारही एका जातकुळीचे नव्हते. त्यामुळे ती सर्व मते एका उमेदवाराला मिळाली असती, असे म्हणणे धाडसाचे होईल. मात्र प्रस्थापिताला हरवण्याइतकी नाराज मते मतदारसंघात आहेत, एवढे त्या निकालाने दाखवून दिले.

बापट लोकसभेवर गेल्यानंतर २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपने मुक्ता टिळक यांना उमेदवारी दिली. लोकमान्य टिळकांच्या घराण्यातील सून आणि पुण्याच्या माजी महापौर असलेल्या मुक्ता टिळक यांनी ७५,४९२ मते मिळवून काँग्रेसचे अरविंद शिंदे यांचा २८,१९६ मतांनी पराभव केला. अंतर मोठे दिसत असले, तरी त्यामागे दोन गोष्टी झाकल्या गेल्या होत्या : शिवसेनेच्या बंडखोराने, म्हणजे पक्षाचा आदेश झुगारून अपक्ष उभे राहिलेल्या उमेदवाराने, काही हजार मते घेतली होती आणि मनसेचाही वेगळा उमेदवार रिंगणात होता. काँग्रेसची ४७,२९६ मते आणि या दोघांची मते एकत्र केली, तर ती बेरीज ७० हजारांच्या जवळ जाते. पुढे २०२३ मध्ये विरोधकांच्या एकमेव प्रमुख उमेदवाराला मिळालेल्या मतांशी हा आकडा ताडून पाहण्याजोगा आहे.

२०२३ ची पोटनिवडणूक

निवडून आलेला सदस्य मुदतीपूर्वी दिवंगत झाल्यास किंवा त्याने राजीनामा दिल्यास उरलेल्या काळासाठी घेतल्या जाणाऱ्या निवडणुकीला पोटनिवडणूक म्हणतात. मुक्ता टिळक यांचे २२ डिसेंबर २०२२ रोजी दीर्घ आजाराने निधन झाले आणि कसब्याची जागा रिक्त झाली. दिवंगत आमदाराच्या जागेवरील निवडणूक बिनविरोध व्हावी, असा एक संकेत महाराष्ट्रात सांगितला जातो आणि नोव्हेंबर २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत भाजपने आपला उमेदवार मागे घेतला होता. कसब्यात मात्र भाजपने टिळक कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीला, महापालिकेच्या स्थायी समितीचे माजी अध्यक्ष हेमंत रासने यांना, उमेदवारी दिली आणि महाविकास आघाडीनेही लढण्याचा निर्णय घेतला. आघाडीत ही जागा काँग्रेसकडे राहिली आणि उमेदवार म्हणून रवींद्र धंगेकर यांचे नाव पुढे आले. शिवसेनेत राजकारणाची सुरुवात करून मनसेमार्गे काँग्रेसमध्ये आलेले, अनेक वर्षे नगरसेवक राहिलेले आणि दुचाकीवरून प्रभागात फिरणारे कार्यकर्ते, अशी त्यांची ओळख होती.

ही निवडणूक एका पेठेची असली, तरी तिला राज्याच्या सत्तासंघर्षाचे स्वरूप आले. मतदानाला नऊ दिवस उरले असताना, १७ फेब्रुवारी २०२३ रोजी, निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण ही निशाणी एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिली. त्याच आदेशात उद्धव ठाकरे यांच्या गटाला कसबा आणि चिंचवड या दोन पोटनिवडणुका संपेपर्यंत आधीचे तात्पुरते नाव व मशाल ही निशाणी वापरण्याची मुभा होती. म्हणजे आघाडीतील एक घटक पक्ष आपले मूळ नाव गमावून प्रचारात उतरला होता. दुसऱ्या बाजूला आजारी असलेले खासदार बापट नाकाला प्राणवायूची नळी लावून कार्यकर्त्यांच्या बैठकीला आले. या दृश्याने सहानुभूतीही मिळाली आणि आजारी नेत्याला प्रचारात का आणले, अशी टीकाही झाली. प्रचारादरम्यान भाजपचे मंत्री चंद्रकांत पाटील यांनी ‘हू इज धंगेकर’ असा प्रश्न केला आणि निकालानंतर त्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून शहरात फलक लागले.

या गदारोळामागे काही घरगुती प्रश्नही होते. स्वतः राहत असलेल्या घरांना पुणे महापालिकेकडून दीर्घकाळ मिळणारी मिळकतकरातील ४० टक्के सवलत काढून घेतली गेल्याने मध्यमवर्गीय घरमालक नाराज होते. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करण्यास केंद्रीय कायद्याने बंदी असल्यामुळे आसपासच्या जुन्या वाड्यांचा पुनर्विकास अडला होता. पडझड झालेल्या वाड्यातील भाडेकरू आणि मालक दोघेही त्यात अडकलेले होते. अशा प्रश्नांवर विरोधी पक्षाला बोलणे सोपे जाते, कारण त्याला त्यांची तड लगेच लावून दाखवावी लागत नाही. पण नेमका प्रश्न हेरून तो दारोदारी नेणारी माणसे मात्र त्याच्याकडे असावी लागतात.

मतदान २६ फेब्रुवारीला झाले आणि निम्म्याच्या आसपास मतदारांनी ते केले. २ मार्च रोजी लागलेल्या निकालात धंगेकर यांना ७३,३०९ आणि रासने यांना ६२,३९४ मते मिळाली. विरोधकांनी १०,९१५ मतांनी बाजी मारली. या निकालाचे दोन भाग वेगळे करून पाहिले पाहिजेत. विरोधकांची मते २०१९ मधील विखुरलेल्या बेरजेपेक्षा थोडीच वाढली होती, म्हणजे मुख्य फरक पडला तो मते एका ठिकाणी आल्यामुळे. त्याच वेळी भाजपची मते १३ हजारांनी घटली, म्हणजे त्या पक्षाचा एक हक्काचा मतदार घरी बसला किंवा दुसरीकडे वळला. विजयाला या दोन्ही गोष्टींची गरज होती. पुढे एप्रिल २०२३ मध्ये राज्य सरकारने मिळकतकरातील सवलत पुन्हा लागू करण्याचा निर्णय घेतला. त्याचे श्रेय कोणाचे, यावर वाद झाला, परंतु एका जागेचा निकालही सत्तेला कानोसा घ्यायला लावू शकतो, असा अर्थ त्यातून काढला गेला.

त्याच दिवशी चिंचवडमध्ये

सामाजिक शास्त्रांत प्रयोगशाळा नसते, त्यामुळे एका कारणाचा परिणाम इतर कारणांपासून वेगळा काढणे अवघड असते. कसब्याच्या निवडणुकीला मात्र शेजारीच एक तुलना उपलब्ध होती. त्याच दिवशी पिंपरी-चिंचवडमधील चिंचवड मतदारसंघातही पोटनिवडणूक झाली. तेथेही भाजपचे आमदार लक्ष्मण जगताप यांच्या निधनामुळे जागा रिक्त झाली होती, सरकार तेच होते, आघाडी तीच होती आणि राज्यातील वातावरणही तेच होते. फरक असा, की तेथे राष्ट्रवादी काँग्रेसचे नाना काटे यांच्याबरोबरच आघाडीतील बंडखोर राहुल कलाटे हेही अपक्ष म्हणून उभे राहिले आणि त्यांनी माघार घेतली नाही. भाजपच्या अश्विनी जगताप यांना सुमारे १ लाख ३५ हजार, काटे यांना सुमारे ९९ हजार आणि कलाटे यांना सुमारे ४४ हजार मते मिळाली. दोघांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांहून अधिक भरते, तरी जागा भाजपकडेच राहिली. दिवंगत आमदाराच्या पत्नीलाच उमेदवारी मिळाल्याने चिंचवडमध्ये सहानुभूतीचा मुद्दाही होता, म्हणून ही तुलना काटेकोर नाही; तरीही बंडखोरीची किंमत किती असते, याचा याहून स्वच्छ दाखला क्वचितच मिळेल.

दोन फेऱ्यांची सोय

विरोधकांच्या एकजुटीचा प्रश्न दक्षिण अमेरिकेतही तितकाच जुना आहे, परंतु तेथील अनेक देशांनी त्यावर एक घटनात्मक सोय करून ठेवली आहे. ब्राझील, चिली, उरुग्वे, कोलंबिया अशा देशांत अध्यक्षाची निवडणूक दोन फेऱ्यांत होऊ शकते. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत काही आठवड्यांनी पुन्हा लढत होते. त्यामुळे पहिल्या फेरीत प्रत्येक पक्षाला स्वतःची ताकद अजमावता येते आणि दुसऱ्या फेरीपूर्वी, कोणाचे वजन किती हे कळल्यावर, पाठिंब्याची बोलणी करता येतात. भारतात ही सोय नाही. येथे जागावाटपाची घासाघीस मतदानापूर्वी, म्हणजे कोणाची ताकद किती हे खात्रीने ठाऊक नसताना करावी लागते आणि अर्ज मागे घेण्याची मुदत टळली, की झालेली चूक सुधारता येत नाही. चिंचवडमध्ये दुसरी फेरी असती तर निकाल बदलला असता की नाही, हे सांगता येणार नाही. पण दोन्ही उमेदवारांच्या मतदारांना पुन्हा एकदा विचार करण्याची संधी मिळाली असती, एवढे नक्की.

एकजूट साधली म्हणजे सर्व साधले, असे मात्र त्या खंडाचा अनुभव सांगत नाही. चिलीमध्ये हुकूमशहा ऑगस्तो पिनोशे यांनी ५ ऑक्टोबर १९८८ रोजी आपल्या सत्तेला मुदतवाढ मिळावी म्हणून सार्वमत घेतले, तेव्हा १९७३ मध्ये एकमेकांचे कडवे विरोधक असलेले ख्रिस्ती लोकशाहीवादी आणि समाजवादी एकत्र आले, ‘नाही’ या बाजूला सुमारे ५६ टक्के मते मिळाली आणि त्याच आघाडीने पुढे १९९० ते २०१० अशी वीस वर्षे सत्ता सांभाळली. व्हेनेझुएलात याच्या उलट घडले. तेथील विरोधी आघाडीने डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय विधिमंडळाच्या १६७ पैकी ११२ जागा जिंकल्या, परंतु न्यायालये आणि प्रशासन सत्ताधाऱ्यांच्या हाती असल्याने त्या बहुमताची धार बोथट करण्यात आली, आणि २०१८ च्या अध्यक्षीय निवडणुकीवर बहिष्कार घालावा की ती लढवावी, यावर विरोधकांत फूट पडली. निवडणुकीतील विजयाचे टिकाऊ सत्तेत रूपांतर होण्यासाठी मतांच्या बेरजेपलीकडचे काहीतरी लागते, हे या दोन उदाहरणांतून दिसते.

पुण्याचा स्वतःचा अनुभव

विरोधकांच्या आघाड्यांचा प्रयोग पुण्याला नवा नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यातच झाली आणि प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, इतकेच काय जनसंघ आणि हिंदू महासभाही तिच्या छत्राखाली आले. एरवी एका व्यासपीठावर न बसणाऱ्या या पक्षांना मुंबईसह महाराष्ट्र या एका मागणीने बांधले होते. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यातून समितीचे नानासाहेब गोरे यांनी काकासाहेब गाडगीळ यांच्यासारख्या मातब्बर काँग्रेस नेत्याला हरवले. परंतु १ मे १९६० रोजी राज्य स्थापन होताच समितीला एकत्र ठेवणारे कारणच संपले आणि १९६२ च्या विधानसभेत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. मागणी पूर्ण झाली आणि ती करणारी आघाडी विरून गेली.

दुसरा प्रयोग त्यामानाने लहान होता. २००७ च्या महापालिका निवडणुकीनंतर सुरेश कलमाडी यांच्या काँग्रेसला दूर ठेवण्यासाठी राष्ट्रवादी काँग्रेस, शिवसेना आणि भाजप एकत्र आले आणि ‘पुणे पॅटर्न’ या नावाने ही जुळवाजुळव ओळखली गेली. राज्यात काँग्रेसबरोबर सत्तेत बसलेला पक्ष शहरात काँग्रेसविरुद्ध भाजपबरोबर गेला होता. म्हणूनच ही मांडणी काही काळापुरतीच टिकली. कोणाला तरी रोखणे एवढाच उद्देश असलेल्या आघाडीचे आयुष्य त्या ‘कोणाच्या’ ताकदीइतकेच असते, हे दोन्ही प्रयोगांना लागू पडते.

बेरीज तीच, निकाल उलट

कसब्यातील विरोधकांच्या यशाची खरी परीक्षा २०२४ मध्ये झाली. लोकसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने धंगेकर यांनाच पुण्यातून उभे केले. भाजपचे मुरलीधर मोहोळ यांनी त्यांचा सव्वा लाखाच्या आसपास मतांनी पराभव केला आणि खुद्द कसबा विधानसभा क्षेत्रातही मोहोळ यांनाच आघाडी मिळाली. नोव्हेंबरमधील विधानसभा निवडणुकीत धंगेकर आणि रासने पुन्हा समोरासमोर आले. या वेळी रासने यांना ९०,०४६ आणि धंगेकर यांना ७०,६२३ मते मिळाली. रासने १९,४२३ मतांनी निवडून आले.

या आकड्यांकडे नीट पाहिले, तर नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे पडते. विरोधकांची मते फुटल्यामुळे पराभव झाला, असे येथे म्हणता येत नाही, कारण मनसेच्या आणि बंडखोर उमेदवाराला मिळालेली मते अंतराच्या तुलनेत किरकोळ होती. धंगेकर यांची मते पोटनिवडणुकीच्या तुलनेत अडीच-पावणेतीन हजारांनीच घटली. रासने यांची मात्र २७,६५२ ने वाढली. दोन्ही प्रमुख उमेदवारांची एकत्रित मते सुमारे २५ हजारांनी वाढली आणि जमाखर्च मांडला, तर ही सारी वाढ भाजपच्या खात्यात जमा झालेली दिसते. मतदार यादीच्या प्रत्येक पानासाठी एक जबाबदार कार्यकर्ता नेमण्याच्या, म्हणजे पन्नाप्रमुखांच्या, पद्धतीने चालणाऱ्या पक्षाने पोटनिवडणुकीत घरी बसलेला आपला मतदार बाहेर काढला; विरोधकांकडे मात्र एकदा जमवलेल्या मतांत भर घालणारी यंत्रणा नव्हती.

हे याच जागेवर पूर्वीही घडले होते. १९९१ मध्ये कसब्याचे भाजप आमदार अण्णा जोशी लोकसभेवर गेल्यामुळे झालेल्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे वसंत थोरात यांनी बापट यांना हरवले होते आणि १९९५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत बापट यांनी ती जागा परत मिळवून पुढे जवळपास पाव शतक राखली. पोटनिवडणुकीत मतदान कमी होते, सत्ता बदलणार नाही हे मतदाराला ठाऊक असते आणि त्यामुळे नाराजी व्यक्त करणे त्याला स्वस्त पडते; सार्वत्रिक निवडणुकीत तोच मतदार राज्याचे सरकार कोणाचे, हा हिशेब मांडून मत देतो.

मधली पायरी

विरोधी पक्ष वाढतो तो मुख्यतः स्थानिक संस्थांमधून, कारण राज्याच्या सत्तेबाहेर असतानाही तेथे काम दाखवता येते. उरुग्वेतील फ्रेंते आंप्लियो, म्हणजे विस्तृत आघाडी, हे याचे ठळक उदाहरण आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या या आघाडीने वस्तीपातळीवर समित्या उभारल्या, लष्करी राजवटीतील बंदी सोसली, नंतर १९८९ मध्ये राजधानी मोंतेविदेओच्या महापालिकेची निवडणूक जिंकली, आणि तेथे कारभार करून दाखवणारे ताबारे वास्केस २००४ मध्ये अध्यक्षपदी निवडून आले. राजधानीतून राष्ट्राकडे जायला या आघाडीला पंधरा वर्षे लागली, पण दरम्यान तिच्याकडे नगरसेवक, कार्यालये आणि रोजचे काम होते.

पुण्यात हीच पायरी त्या काळात नव्हती. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका न झाल्याने कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे धंगेकर आमदार झाले तेव्हा त्यांच्या पक्षाचा, किंवा खरे तर कोणत्याच पक्षाचा, एकही नगरसेवक पदावर नव्हता. सत्तारूढ पक्षाला याची झळ कमी बसते, कारण त्याच्या कार्यकर्त्याचे काम मंत्रालयातून होऊ शकते. विरोधी पक्षाचा कार्यकर्ता मात्र पाण्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला रिकाम्या हाती परत पाठवतो. जी माणसे प्रश्न दारोदारी नेतात, त्यांच्या हाती देण्याजोगे काहीच उरले नाही.

पुढच्या घटना थोडक्यात सांगता येतात. २०२४ च्या निकालानंतर विधानसभेत कोणत्याही विरोधी पक्षाला २८८ पैकी २९ जागा, म्हणजे विरोधी पक्षनेतेपदासाठी रूढ मानला जाणारा एक दशांशाचा टप्पा, गाठता आला नाही आणि ते पद रिकामे राहिले. मार्च २०२५ मध्ये धंगेकर यांनी काँग्रेस सोडून एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत प्रवेश केला, आणि ज्या चेहऱ्याभोवती कसब्यातील विरोधक एकवटले होते, तोच सत्तारूढ आघाडीत गेला.

कसब्याच्या आकड्यांवरून निष्कर्ष असा निघतो, की विरोधकांची बेरीज प्रस्थापिताचा मतदार घरी बसला असताना जागा जिंकून देऊ शकते. तो मतदार बाहेर पडला, की तीच बेरीज अपुरी ठरते. २०२३ चा विजय खरा होता, परंतु तो एका उमेदवाराच्या नावावर जमा झाला, पक्षाच्या संघटनेच्या नावावर झाला नाही, आणि म्हणूनच उमेदवाराबरोबर तो निघूनही गेला. कोणत्याही मतदारसंघात विरोधी पक्षाचे बळ मोजायचे असेल, तर निवडणुकीच्या दिवशीच्या मतांबरोबरच दोन निवडणुकांच्या मधल्या वर्षांत त्याच्या कार्यालयाचे दार उघडे असते का, हे पाहिले पाहिजे.